लहान होत गेलेलं वर्तुळ

अमरावती
९ जुलै २०२३

प्रिय जबीन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. दहा दिवस तुझा फोन उचलला नाही, त्याचं कारण हे पत्र. आमच्या सरांनी अट घातली आहे : महिन्यातून एक तरी पत्र हाताने लिहायचं, एकाच माणसाला, आणि त्या माणसाशी फोनवर बोलायचं नाही. मी तुझं नाव दिलं. होस्टेलच्या एका खोलीत दोन वर्षं जिच्यासोबत रंगांच्या बाटल्या धुतल्या, तिच्याशिवाय माझं पत्र वाचणार कोण?

सर म्हणजे ललित गावंडे. सर म्हणायचं आपलं, वयाने माझ्या मुलाएवढा, बंडूएवढा आहे. ओसाकाला आठ वर्षं नोकरीत होता, तिथे एका म्हाताऱ्या बाईंकडे ब्रशने लिहायला शिकला. आता राजापेठेत घराच्या गच्चीवरच्या खोलीत वर्ग घेतो. झेन सुलेखन. आम्ही अकरा जण आहोत, त्यात मी सगळ्यांत म्हातारी.

करायचं काय, तर शाईची कांडी दगडावर पाणी घालून पाव तास घासायची. बोलायचं नाही. मग वज्रासनात बसून, श्वास सोडता सोडता, एका दमात एक वर्तुळ काढायचं. गिरवायचं नाही, खोडायचं नाही. दिवसाला एकच. वाकडं आलं तर वाकडं, मागे तारीख घालून ठेवून द्यायचं. तीस वर्षं पोरींना ‘खोडा आणि पुन्हा काढा’ सांगणाऱ्या ड्रॉइंगच्या बाईला हे किती जड जात असेल, तूच विचार कर.

माझं पहिलं वर्तुळ कागदाबाहेर चटईवर गेलं. ललित हसून म्हणाला, “काकू, कागद लहान आहे का तुमीच मोठ्या आहा?”

हे गेल्यापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं, ते तू पाहिलंस. गॅस बंद केला का, म्हणून बसस्टँडवरून परत यायची मी. आता सकाळी पौर्णिमाला स्कूटरवर शाळेत सोडते, तिथूनच वर्गाला जाते, आणि तासभर डोक्यात काहीही नसतं. नातीला शाळेत सोडणं आणि एक वर्तुळ, एवढ्यावर माझा दिवस उभा आहे.

तू बोलतेस तसंच लिही. शुद्ध मराठी मला शाळेत पुष्कळ मिळालं.

तुझी,
शकुन


जुने शहर, अकोला
२१ जुलै २०२३

शकू,

फोन न उचलाले लोक काय काय बहाणे काढतात बाप्पा! पोस्टमनले आमचा जिना सापडला नाही, तो खाली भावाच्या दुकानात पाकीट देऊन गेला. भावाची पोरगी शाइस्ता ते हातात धरून वर आली आन् म्हणे, “फुफी, कोर्टाची नोटीस तं नाही?” आजकालच्या पोट्ट्याइले पत्र म्हणजे एवढंच माहीत.

तुह्यं ऐकून मले अब्बांची आठवण आली. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, कबरीचे दगड, अर्ध्या अकोल्याचं उर्दू त्यांच्या बोरूतून निघालं. मले त्यांनी महिनाभर एकच अक्षर लिवाले लावलं होतं. मी रडली, तं म्हणे, “अक्षर नाही शिकवत, बसणं शिकवून राहिलो.” तुह्या ललितचं न् त्यांचं जमलं असतं. ते माह्या वहीकडं नजर टाकून सांगत, आज शाळेत कोणाशी भांडली.

तुह्यं अक्षर मात्र अजून तसंच आहे, एसटीच्या पाटीवानी. एका पानात अकरा ओळी. मोजल्या मी. कागदाची दया कर.

एखादं वर्तुळ पाठव. भिंतीले लावतो.

जबीन


अमरावती
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय जबीन,

सोबत तीन वर्तुळं पाठवते आहे. एक ऑगस्टमधलं, एक नोव्हेंबरमधलं, एक कालचं. शेजारी शेजारी ठेव, म्हणजे सहा महिन्यांत काय झालं ते मला सांगावं लागणार नाही. पहिलं परातीएवढं आहे आणि कालचं वाटीएवढं. मी ठरवून लहान काढत नाही. हात आपोआप तिथे थांबतो.

गेल्या रविवारी ललितने माझे कागद सगळ्यांसमोर मांडले. म्हणाला, “बघा, काकूंमधला ‘मी’ कसा लहान होऊन राहिला. हे शिकवून येत नाही.” जबीन, या वयात वर्गात पहिली आल्यासारखं वाटलं. घरी येऊन एकटीच हसले.

आणि हे फक्त कागदावर नाही. माझी घाई गेली. मोनाली म्हणते, आईंना आता कशाचाच राग येत नाही. परवा माझ्या समोर फोडणी जळून कोळसा झाली, घरभर धूर, मोनाली खोकत आतून धावत आली, आणि मी शांत उभी! मला वाससुद्धा आला नाही. शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्यावर बाई तेज आलं आहे, पापणी हलत नाही तुमची. आवाजही खाली आला आहे. पौर्णिमा म्हणते, आजी, तू पुटपुटतेस. बिछान्यात कूस बदलायलासुद्धा मला आता वेळ लागतो. तीही एक साधना आहे, असं ललित म्हणतो. प्रत्येक हालचाल पूर्ण जाणिवेने.

हे एवढं पत्र लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. पूर्वी अर्ध्या तासात झालं असतं. पण घाई कोणाला आहे?

तुझी,
शकुन


जुने शहर, अकोला
१५ फेब्रुवारी २०२४

शकू,

वर्तुळं पोचली. भिंतीले नाही लावली अजून.

तुह्यी सगळी पत्रं काढून मी गादीवर एका रांगेत मांडली. जुलैत एका पानात अकरा ओळी होत्या. दिवाळीत सतरा. आता सव्वीस. आन् ओळ सुरू होते तवा अक्षर जरा मोठं असते, उजवीकडं जाता जाता मुंगीएवढं होते. शेवटचे शब्द मी चष्म्यावर भिंग धरून वाचले.

मले काही गोष्टी सांग. सहज विचारून राहिली, टेन्शन नको घेऊ.

तुले वास येणं कधीपासून बंद आहे? फक्त फोडणीचाच का अगरबत्तीचाही? चालताना तुहा उजवा हात मागंपुढं हलते का? ब्लाउजचे हूक लावाले वेळ लागते का? वळताना पाय जमिनीले चिकटल्यावानी वाटते का? हसताना तोंड हसते का, का फक्त मनातच हसतं? बसल्या जागी अंगठा आपोआप हलते का?

आन् एकदा डॉक्टरले दाखव. अमरावतीत नसेल दाखवाचं तं अकोल्याले ये, मी सोबत येतो. ताकदीचं औषध देतील, दुसरं काय. पन दाखव.

जबीन


अमरावती
१० मार्च २०२४

जबीन,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा वाईट वाटलं, तिसऱ्यांदा समजलं.

वास येत नाही, कारण नाकातलं हाड वाढलं आहे. ते नोकरीत असतानाही होतं. हात हलत नाही, कारण मी तो उगाच हलवत नाही. हूक लावायला वेळ लागतो, वय त्रेसष्ट आहे. अंगठा हलत नाही. अजिबात नाही. झालं समाधान?

आठ महिने मी तुला लिहिते आहे की आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटतं आहे. तू त्यातलं काय वाचलंस? ओळी मोजल्यास. तुझ्या अब्बांच्या बोरूपुढे माझा ब्रश तुला पोरखेळ वाटतो, हे कॉलेजपासूनचं आहे. माझी चित्रं प्रदर्शनात लागली तेव्हाही तू आधी फ्रेमवरचा डाग दाखवला होतास.

तुझं पत्र ललितलाही दाखवलं. दाखवायला नको होतं. तो म्हणाला, जवळच्या माणसाले आपली शांतता लवकर पचत नाही. त्याने तुझ्याबद्दल वाईट काही म्हटलं नाही. पण ते खरं आहे, असं मला वाटलं.

मी डॉक्टरकडे जाणार नाही. मला काहीही झालेलं नाही.

शकुन


जुने शहर, अकोला
२५ मार्च २०२४

शकू,

चुकलं माह्यं. तू म्हणते तसंच असेल. मले बोलायची सवय आहे, तुले ठाऊक आहे.

इकडं ऊन तापाले लागलं. शाइस्ताचं लग्न अंजनगाव सुर्जीले ठरलं, पोरगा कपड्याच्या धंद्यात आहे, चांगला दिसते. मेहंदीची नक्षी तूच काढून दे म्हणते. तुले पत्रिका पाठवीन.

स्कूटर हळू चालवत जाय. बस, एवढंच.

जबीन


अमरावती
६ ऑगस्ट २०२४

आदरणीय महेजबीन मावशी,

मी मोनाली, शकुन आईंची सून. आपण एकदाच भेटलो, बाबांच्या तेराव्याला.

तीस जुलैला सकाळी आई पौर्णिमाला शाळेत सोडायला निघाल्या होत्या. चौकात भाजीचा हातगाडा आडवा उभा होता. रस्ता मोकळा होता, गर्दी नव्हती, गाडा लांबूनच दिसत होता. आईंची स्कूटर सरळ त्याच्यावर गेली. आईंना खरचटलं. पौर्णिमा उडून दुभाजकावर पडली. तिच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई टाकली आहे. तीन महिने पाय टेकवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, हा पाय वाढीला मागे राहू शकतो, दोन वर्षांनी कळेल. ती दहा वर्षांची आहे, मावशी.

शुद्धीवर आल्यावर तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते. “मी ओरडली, आजी, गाडा! आजी म्हणाली, हो. पण तिनं ब्रेकच नाही दाबला. मी वाकून पाहिलं तं ती घाबरली पण नव्हती. नुसती पाहत होती.”

ते ‘हो’ माझ्या डोक्यातून जात नाही.

मी आईंशी भांडले. दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्यांसमोर. म्हटलं, कसलं ध्यान हे तुमचं, माझी पोरगी मेली असती! त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, या बाईला काही वाटतच नाही. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी चेहरा तसाच होता. तेव्हा मी घाबरले. दुसऱ्या दिवशी बंडू आणि मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. दहा मिनिटांत सांगितलं, पार्किन्सन. किमान दोन वर्षं जुना. हात थरथरत नाही म्हणून कोणाला शंका आली नाही. कधी कधी तो असाच येतो म्हणे, माणूस नुसता हळूहळू थांबत जातो.

मागचे कागद शोधताना आईंच्या कपाटात तुमची पत्रं सापडली. मी वाचली, माफ करा. फेब्रुवारीत तुम्ही त्यांना सहा प्रश्न विचारले. डॉक्टरांनीही तेच सहा विचारले. क्रम वेगळा होता, इतकंच.

तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत होतं तर मार्चमध्ये तुम्ही ‘चुकलं माह्यं’ का लिहिलंत? माझा नंबर तुमच्याकडे नव्हता, पण पत्ता होता. मी हे रागाने विचारत नाही, असं लिहिणार होते. रागानेच विचारते आहे.

मोनाली


जुने शहर, अकोला
११ ऑगस्ट २०२४

शकू,

हे मोनालीनंही वाचावं. तिनं मले जे विचारलं त्याचं उत्तर तुम्हा दोघींसाठी एकच आहे. हो. मले माहीत होतं. पक्कं नाही, पन जेवढं माहीत होतं तेवढं पुरे होतं.

अब्बांले म्हातारपण आलं होतं, असं मी तुले सांगितलं होतं. ते खोटं. अब्बांले हेच होतं. त्यांचं बी अक्षरातूनच निघालं. लग्नपत्रिकांतली अक्षरं बारीक होत गेली. लोक म्हणत, रहमतुल्ला मियाँच्या हातात काय नजाकत आली! नागपूरहून एक साहेब मुद्दाम ते पाहाले आले होते. आम्ही घरात मिठाई वाटली शकू. दीड वर्ष आम्ही त्यांच्या आजाराची तारीफ केली. म्हणून तुह्या पत्रात जवा ‘वर्गात पहिली’ वाचलं, तवा मी तुह्यी सगळी पत्रं गादीवर मांडाले घेतली.

मार्चमध्ये तुले मी दोन पत्रं लिवली. एकात आजाराचं नाव होतं. ते फाडलं. दुसरं पाठवलं. स्कूटरचं वाक्य लिवताना मले तुह्यी नात दिसत होती. तरी मी तेवढंच लिवलं. पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून बी मनात आलं, घरी जाऊन फोन लाव, तिच्या पोराले सांग. नाही लावला.

काहून, ते आता सांगतो. तू डॉक्टरकडं गेली असती तं तू मले विचारलं असतं, जबीन, पुढं काय होते? आन् मले सांगावं लागलं असतं.

नऊ वर्षं. पहिली चार बरी गेली, गोळ्यांनी हात मोकळा होत होता. मग गोळीचा असर लवकर उतराले लागला. मग दरवाज्यात पाय अडकाले लागले, उंबरठ्यापाशी अब्बा पुतळ्यावानी उभे राहत. मग आवाज गेला. शेवटी घास गिळाले अर्धा अर्धा तास लागे. अम्मी नव्हती, भाऊ दुकानात, भावजय आपल्या लेकरांत. मी शाळेत शिकवून येत होती आन् बसत होती.

एका दुपारी त्यांनी दौत मागितली. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी मागितली. मी दिली. त्यांनी ती नव्या चादरीवर पाडली. त्या दिवसाची ती तिसरी चादर होती. मी त्यांच्या हातावर मारलं. जोरात. ज्या हातानं मले लिवाले शिकवलं त्या हातावर. त्यांचा चेहरा हलला नाही, पन त्यांनी माह्याकडं पाह्यलं. मी खोलीतून निघाली, जिन्यावर बसली आन् दिवा लागेपर्यंत आत गेली नाही. ते तसेच शाईत बसून होते.

त्याच्यानंतर ते अकरा दिवस जगले. दौत त्यांनी परत मागितली नाही.

हे मी कोणाले सांगितलं नाही. हे सांगावं लागू नये म्हणून मी तुह्यापाशी गप्प राहिली, आन् त्याची किंमत तुह्या नातीनं दिली. माफी मागाले माह्यापाशी तोंड नाही. मोनालीले म्हणजो, तिनं रागानंच विचारलं ते ठीक केलं.

जबीन


अमरावती
१ सप्टेंबर २०२४

जबीन,

सकाळची गोळी घेतली की दीड-दोन तास हात माझा असतो. ते दोन तास मी या पत्राला देते आहे, म्हणून पाल्हाळ नाही.

पौर्णिमा घरी आली. पाय उशीवर ठेवून झोपलेली असते. मी खोलीत गेले की डोळे मिटून घेते. ती झोपलेली नसते हे मला कळतं, आणि मला कळतं हे तिलाही. मी खुर्चीवर बसते. तिच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला तर चेहऱ्यावर काय येतं, ते मी आरशात पाहिलं. म्हणून आता हसत नाही. काल तिने मोनालीला विचारलं, “आजीले खरंच वाईट वाटून राहिलं का?” भिंतीपलीकडून ऐकलं मी.

ललित आला होता. माझे सगळे कागद घेऊन आला, साडेतीनशेच्या वर आहेत. त्याने ते तारखेप्रमाणे हॉलमध्ये जमिनीवर मांडले. परातीपासून सुरू झालं. शेवटचा जुलैमधला होता, बांगडीच्या आतल्या जागेएवढा. बंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ललित म्हणाला, “काकू, मी रोज पाहत होतो. रोज. आन् मी तुमची तारीफ करत होतो.” वर्ग बंद करतो म्हणाला. मी म्हटलं, बंद नको करू, पण पुढच्या वेळी कोणाचं वर्तुळ लहान होत गेलं तर त्याचा गुरू होऊ नको, त्याला दवाखान्यात ने. मी हे म्हटलं, पण माझा आवाज इतका खाली गेला आहे की त्याने दोनदा “काय?” विचारलं.

दोष त्याचा नाही. तू सांगितलं होतंस, आणि मी नाकातल्या हाडाचं कारण दिलं. हाड वाढलेलं नव्हतं. अगरबत्तीचा वास दोन वर्षांपासून येत नव्हता आणि मला ते माहीत होतं. मी पोरीला मागे बसवत राहिले, कारण सकाळी तिला सोडायचं काम गेलं असतं, तर मी या घरात कोण राहिले असते?

तुझा दोष आहे. लिहू की नको, याचा मी आठ दिवस विचार केला. तू मार्चमध्ये बंडूला एक फोन केला असतास तर पौर्णिमा आज शाळेत असती. मी तुला माफ केलेलं नाही. कधी करेन की नाही, हे आत्ता सांगता येत नाही, आणि माझ्याजवळ खोटं लिहायला वेळ नाही.

तरी तू ये.

मोनालीची रजा पंधराला संपते. ती मला आंघोळ घालते, हूक लावते, सगळं करते, पण माझ्याकडे पाहत नाही. बाई ठेवली तर ती पाहील, पण तिला पुढचं माहीत नसेल. या घरात पुढचं माहीत असलेलं कोणीच नाही. डॉक्टर म्हणतात, प्रत्येकाचं वेगळं असतं. तसं असेलही. पण रात्री कूस बदलायला हाक मारायचा प्रयत्न केला आणि हाक बाहेर आली नाही, त्या दिवशी मला तुझ्या अब्बांची आठवण झाली. ज्यांना मी दोनदाच भेटले होते.

नऊ तारखेला, सोमवारी, सकाळच्या एसटीने ये. मूर्तिजापूरवरून तीन तास धर. बंडू बसस्टँडवर येईल. वरची खोली रिकामी करून ठेवली आहे, नमाजाला जागा आहे, पश्चिमेची खिडकी उघडते. मोनालीला विचारलं आहे. ती म्हणाली, “येऊ द्या. मले बी त्यांना काही विचारायचं आहे.” ते तिला विचारू दे. मध्ये पडू नकोस, उत्तर दे.

आणि एक. पुढे कधी तरी माझ्याही हातून काही सांडेल, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तुझा हात उठेल. उठणार नाही असं मला सांगू नकोस, मी विश्वास ठेवणार नाही. मार हवं तर. पण उठून बाहेर जाऊ नकोस. मला हाक मारता येणार नाही. तिथेच बस.

हात जड व्हायला लागला आहे. पुढची गोळी एक वाजता.

शकुन